मोहरीएवढा थेंब

पाच वाजता जाळी उघडली. धुकं इतकं
की फुल्बेर दिसत नव्हता, त्याचा खोकला तेवढा कळत होता.
तामारँच्या वाकड्या खोडांतून पाणी ठिबकत होतं,
वरून नाही, सगळीकडून.

साडेसहाला पहिला पक्षी.
झ्वाझो ब्लां. म्हणायला पांढरा, अंग राखाडी.
पांढरी फक्त शेपटीच्या वरची एक चिमूट,
तीही उडाला तरच दिसते.
आठ ग्रॅम. काट्याला टांगला
तेव्हा पिशवीच जास्त भरली.

पंखाखालची शीर. सुईचं टोक.
मोहरीएवढा थेंब,
काचेवर ओढला की जिभेच्या आकाराचा होतो.
"झालं हं, झालं," फुल्बेर म्हणतो,
दवाखान्यात परक्याच्या पोराला म्हणावं तसं.
मूठ उघडतो. पक्षी गेल्यावरही
मूठ थोडा वेळ भरलेलीच राहते.

सां-देनीला तळमजल्यावर मी काचा रंगवते.
जांभळं पाणी, चाळीस मिनिटं, मग नळाची बारीक धार.
आपल्या तांबड्या पेशीत मधोमध नुसता खळगा असतो.
पाखराच्या पेशीत बी असते.
आणि कधीमधी त्या बीला वळसा घालून,
घरमालकाची झोप मोडू नये अशा बेताने,
कोणीतरी पोटाशी पाय घेऊन निजलेलं असतं.
दहा हजार पेशींमागे असे तीन. फार तर चार.
पक्षी गातच असतो.

बेट समुद्रातून वर आलं तेव्हा इथे कोणी नव्हतं,
हे मला शाळेत शिकवलं होतं.
वादळात भरकटून आले असतील दहा-बारा थवे,
एखाद्याच्या रक्तात हाही.
कितीदा पक्षी बुडाला, त्याच्यासोबत हा बुडाला.
कितीदा पोचला, पण चावणारी माशी इथे भेटलीच नाही;
आतल्या आत म्हातारा झाला, संपला.
त्याची काच कोणी रंगवली नाही.
एकाला माशी भेटली.
एक पुरे.

म्हणतात, फार जाळणारा स्वतःचंच छप्पर जाळतो,
म्हणून पिढ्यांमागे पिढ्या दोघं नमतं घेतात.
असेल. माझा यावर निम्मा विश्वास आहे.
नदीच्या अलीकडचे पक्षी तपकिरी, पलीकडचे करडे,
पलीकडे जायला एक मिनिट उडावं लागतं
आणि कोणी उडत नाही.
माशीला मात्र नदी अडवत नाही, वाहतं पाणी तिचं माहेर.
तिच्या पोटात बसून तो पार होतो,
आणि त्याच्या ओळीतलं एखादं अक्षर
वाटेत कधीतरी बदलतं.
आम्ही त्याला नाव देत नाही. आकडा देतो.

माझं आडनाव विरापँ.
पणजोबा कुठल्या जहाजातून उतरले ते कागदावर आहे,
कुठल्या गावचे, तिथे शाई फुटली आहे.
उसाच्या पट्ट्यात तापाने घरं ओस पडली
तेव्हा लोक वर आले, थंडीत,
जिथे डास चढत नव्हता.
आजोबांची पानथरी शेवटपर्यंत हाताला लागायची.
"बघ, दगड," ते म्हणायचे, माझं बोट धरून तिथे दाबायचे,
आणि हसायचे.

हे सगळं आज का आठवलं?
जाळी गुंडाळताना फुल्बेरने मानेवर चापट मारली.
तळवा पुढे केला.
पाय लांब, पट्टेरी, चुरगळलेले.
"हा इथवर येत नसे," तो म्हणाला. "माझ्या लहानपणी तर नाहीच."
चौदाशे मीटर. मी आकडा वहीत लिहिला,
पेनाला धुकं चिकटत होतं.

त्याच्या तळव्यावर एक तांबडं टिंब.
त्याचं, की सकाळच्या पाखराचं, कोण सांगणार.
तो हात पँटला पुसायला निघाला.
"थांब," मी म्हटलं,
आणि खिशात काच चाचपू लागले.